तळटीप : ‘पात्रिझ्झी’ डायल

* लेखकाने ‘चहाच्या कड्यांचे’ म्हटलेले घड्याळ म्हणजे रोलेक्स डेटोना, मॉडेल क्रमांक १६५२० (१९८८–२०००). १९९०च्या दशकाच्या मध्यात बनलेल्या काही काळ्या डायलांवर झापॉन नावाचे पारदर्शक वार्निश होते. त्याने चांदी नीट राखली नाही. छोट्या डायलांभोवतीची रुपेरी कडी आधी मळकी, मग उकळलेल्या चहासारखी तपकिरी झाली. लिलावदार ओस्वाल्दो पात्रिझ्झी यांनी हे हेरले, म्हणून नाव त्यांचे. घरची चांदीची वाटी काळवंडली की आपण घासायला घेतो. इथे त्या काळवंडण्याचेच जादा पैसे! याच मॉडेलच्या सुरुवातीच्या घड्याळांत तास मोजणाऱ्या छोट्या डायलवरचा इंग्रजी सहा उलटा छापलेला, म्हणून नऊ वाटतो. पुढच्या परिच्छेदातली ‘दोन नवांची’ थट्टा त्यावरून आहे. — संपा.