गिल एकटा, ग्रिफिथ्सची टीम आणि माझं वर्क फ्रॉम होम

पहूरहून बोलतोय. कंपनीचा मेल आलाय: आता हायब्रिड, महिन्यातून काही दिवस पुण्यात या. मी म्हटलं, कशाला? घरून काम होतंय की! मग आमच्या शेजारचीच एक गोष्ट आठवली.

अजिंठा लेणी आमच्याकडून गाडीवर पाऊण तासाच्या आत. 1844 मध्ये मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला ईस्ट इंडिया कंपनीने तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. हेड ऑफिस लंडनला! सुएझ कालवा 1869 चा, म्हणजे तेव्हा माल आफ्रिकेला वळसा घालून जायचा. गिल अजिंठ्यालाच राहिला, जवळपास वीस वर्षं राबला. तेलरंगातले मोठाले कॅनव्हास, साधारण तीसेक. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ते लावले आणि 1866 च्या आगीत बहुतेक सगळे खाक. बॅकअप नाही ना भो! गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

1872 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा जॉन ग्रिफिथ्स आला, तो विद्यार्थी घेऊन. थंडीच्या दिवसांत लेण्यांत मुक्काम, एरवी मुंबई. हायब्रिडच म्हणा. 1885 पर्यंत सुमारे 300 नकला झाल्या. (त्यातल्याही बऱ्याच 1885 मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. काय नशीब!)

आता 30 विरुद्ध 300 ही तुलना बरोबर नाही. एक माणूस आणि अख्खी टोळी, चित्रांचे आकारही वेगळे. गिल काही कामचुकार नव्हता. पण ग्रिफिथ्सच्या पोरांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजलेला चित्रकार झाला. एकाच भिंतीसमोर, गुरुजींच्या शेजारी बसून शिकला तो. मला 300 पेक्षा हे मोठं वाटतं.

कारण माझ्या टीममध्ये एक नवीन मुलगा आलाय. एका बगवर पंधरा दिवस अडकला होता. मी रोज कॉलवर विचारायचो, "सगळं ठीक?" तो म्हणायचा, "हो सर." कॅमेरा बंद. सगळ्यांसमोर विचारायची त्याला लाज वाटत होती, आणि मी इकडे खूश, की माझं काम वेळेत होतंय. शेजारी बसलो असतो तर त्याचा चेहरा बघूनच कळलं असतं. चूक माझी होती.

मला स्वतःला पहूरला बसून काम करायला आजही काही अडत नाही. पण सोमवारी पुण्याला निघतोय, चार दिवसांसाठी. त्या मुलालाही यायला सांगितलंय.