कायरोनिया
कायरोनिया : मध्य ग्रीसच्या बीओशिया प्रदेशातील एक लहान खेडे व त्याच नावाचे प्राचीन नगर. आधुनिक ग्रीक उच्चार हेरोनिया. लिवादिया शहराच्या उत्तरेस, किफिसोस नदीच्या खोऱ्यात पेट्राखोस या खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी ते वसले आहे. उत्तरेकडून थीब्झ व अथेन्सवर चालून येणाऱ्या सैन्यांचा मार्ग याच खोऱ्यातून जात असल्यामुळे गावाचे नाव इतिहासात राहिले ते मुख्यतः परक्यांच्या लढायांमुळे.

परिसरातील वस्ती नवाश्मयुगापासूनची असून, ती जवळच्या एका 'मागुला'च्या (जुन्या वस्तीचे थर साचून झालेल्या टेकाडाच्या) उत्खननातून उजेडात आली. इ. स. पू. पाचव्या शतकात हे नगर शेजारच्या ऑर्कोमेनॉसच्या वर्चस्वाखाली होते. इ. स. पू. 338 मध्ये मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने अथेन्स व थीब्झ यांच्या संयुक्त फौजेचा येथे पराभव केला. अठरा वर्षांचा अलेक्झांडर त्या लढाईत एका बाजूचे नेतृत्व करीत होता. थीब्झचे तीनशे निवडक योद्ध्यांचे 'पवित्र दल' येथेच नष्ट झाले. गावाजवळचा संगमरवरी सिंह त्यांच्या समाधीवरील मानला जातो. त्याचे तुकडे 1818 मध्ये सापडले, 1879–80 च्या उत्खननात त्याभोवतीच्या आवारात ओळीने पुरलेले 254 सांगाडे मिळाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सिंह पुन्हा उभारण्यात आला. इ. स. पू. 86 मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने पाँटसचा राजा मिथ्रिडेटीझ याच्या सैन्याला याच मैदानात हरवले.

अशा युद्धांची झळ गावकऱ्यांना कशी लागे, हे विजयस्तंभांपेक्षा कायरोनियाचाच सुपुत्र, चरित्रकार प्लूटार्क (सु. 46–सु. 120) याने नोंदवलेल्या एका घरगुती आठवणीवरून अधिक कळते. रोमन सेनापती अँटनीच्या सैन्यासाठी गावकऱ्यांना खांद्यावर गहू वाहून अँटिकिराच्या किनाऱ्यापर्यंत न्यावा लागे व चाल मंदावली की चाबूक बसे, असे त्याचे पणजोबा सांगत, दुसरी खेप मोजून तयार असतानाच अँटनीच्या पराभवाची (इ. स. पू. 31) वार्ता आली, अधिकारी व शिपाई पळाले आणि लोकांनी तो गहू आपसांत वाटून घेतला. प्लूटार्कचा रोममध्ये वावर होता आणि डेल्फायच्या अपोलो मंदिराचे पौरोहित्यही त्याच्याकडे होते. तरीही गाव आधीच लहान, आपण सोडले तर आणखी लहान होईल, अशा भूमिकेतून तो येथेच राहिला व गावातली किरकोळ सरकारी कामेही त्याने कमीपणा न मानता केली.

दुसऱ्या शतकातील प्रवासवर्णनकार पॉसेनिअस याने येथील एका आगळ्या उपासनेची माहिती दिली आहे. हिफेस्टस देवाने झ्यूससाठी घडवलेला व पुढे ॲगमेम्नॉनकडे आलेला राजदंड आपल्याकडे असल्याची गावकऱ्यांची श्रद्धा होती. त्याला मंदिर नव्हते; त्या वर्षीचा पुजारी तो स्वतःच्या घरी ठेवी आणि त्यापुढे रोज मांस व पक्वान्ने मांडली जात. लिली, गुलाब, नार्सिसस व आयरिस या फुलांपासून येथे सुगंधी औषधी तेलेही काढली जात.

इ. स. 551 च्या भूकंपात नगर उद्ध्वस्त झाले. त्याच्या जागी पुढे वाढलेले खेडे दीर्घकाळ काप्रेना या नावाने ओळखले जाई. प्राचीन नाव त्याला आधुनिक काळात परत मिळाले. प्रवासी बहुधा सिंह पाहून परततात. परंतु सिंह हे थीब्झच्या योद्ध्यांचे स्मारक आहे, गावाचे स्वतःचे जुने वैभव म्हणजे पेट्राखोसच्या खडकात कोरलेले छोटे नाट्यगृह व माथ्यावरील तटबंदीचे अवशेष. सिंहाशेजारच्या लहान संग्रहालयात मागुलातील नवाश्मयुगीन मृद्भांडी आणि मॅसिडोनियन सैनिकांच्या दफन-टेकाडात सापडलेली शस्त्रे ठेवलेली आहेत.