ठासणीच्या बंदुकीची नळी, कानस आणि तंजावरचा शस्त्रागार

पहिल्या वर्षाच्या कार्यशाळेत फिटिंगचा जॉब देताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. चौकोनी तुकडा आडव्या कानसकामाने मापात आल्यावर शेवटी ड्रॉ फाइलिंग का करायचे? कानस दोन्ही हातांनी दोन टोकांना धरायची, कामाच्या लांबीला आडवी ठेवायची आणि लांबीच्या दिशेने ढकलत-ओढत न्यायची, हे मुले पाहून शिकतात. कारण विचारले की निम्मा वर्ग सांगतो, "सर, स्ट्रेंथ वाढते." हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकते हे समजून घेण्यासाठी बंदुकीची नळी आणि तिच्या मागोमाग तंजावर यांच्याकडे पाहू.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी भरून गजाने ठासायची बंदूक. हिंदुस्थानात तिचा जुना प्रकार तोड्याचा, म्हणजे जळत्या वातीने पेटणारा. पोलादाचे गज भोक पाडण्याच्या यंत्रावर चढू लागण्यापूर्वी तिची नळी लोखंडी पट्टीपासून घडवत. त्याच्या दोन रीती होत्या. पहिल्या रीतीत पट्टी लांबीत दुमडून सळईभोवती नळीसारखी वळवायची आणि कडेला कड ताव देऊन, ठोकून सांधायची. दुसऱ्या रीतीत पट्टी सळईभोवती वेढ्यांनी गुंडाळायची आणि वेढ्याला वेढा सांधायचा. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त लोखंड तिरपे गुंडाळून नळी करण्याचे वर्णन आहे. तिथे नळीच्या मजबुतीचा संबंध या रीतीशी जोडला आहे, आणि तो बरोबर आहे.

हे गणिताने तपासता येते. आत दाब असलेल्या पातळ नळीत परिघाच्या दिशेचा ताण अक्षाच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. बंदुकीची भिंत पातळ नसते, तिथे हिशेब वेगळा करावा लागतो. पण नळी फाटते ती बहुधा उभी, लांबीत, हे खरेच. लांबीत जाणारा सांधा या ताणाच्या थेट वाटेत येतो, तिरपा वेढा त्यातून निसटतो. आता वर्गातल्या उत्तराकडे वळू. ड्रॉ फाइलिंगच्या बारीक रेघा लांबीतच पडतात, म्हणजे परिघीय ताणाला आडव्या. ताकद वाढवणे हाच हेतू असता तर उलट आडव्या रेघा बऱ्या ठरल्या असत्या. रेघा उथळ असतात आणि भिंत जाड असते म्हणून नुकसान होत नाही, एवढेच.

मग कारागीर हे कष्ट का घेत असे? पहिले कारण सरळपणा. घडवलेली नळी हातोड्याखालून निघते तेव्हा तिच्यावर उंचवटे आणि खळगे असतात. आडवी कानस चालवली तर ती प्रत्येक जागी आपापला खळगा पाडते. लांबीत फिरणारी कानस आधी उंचवटे कापते आणि खळग्यांना शेवटी हात लावते. अष्टपैलू नळीत हे डोळ्यांना लगेच दिसते. आधी चौकोन काढायचा, मग चार कोपरे मारून आठ पैलू. चौकोनाची बाजू 24 मिलिमीटर असेल तर प्रत्येक पैलू जेमतेम 10 मिलिमीटर रुंद येतो. मीटरभर लांबीत त्याची कड थोडी जरी सरकली तरी उजेडासमोर धरल्यावर ती सापासारखी दिसते. कानसेच्या दातांत कीस अडकला की एकाच ओढीत खोल ओरखडा पडतो. त्यासाठी कानसेला खडू फासतात. आमच्या एका विद्यार्थ्याने खडू लावायचा कंटाळा केला आणि पूर्ण झालेल्या पृष्ठावर असा ओरखडा पाडला की तो घालवताना जॉब मापाबाहेर गेला.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. तापून ठोकलेल्या लोखंडावर काळी खपली असते आणि तिच्याखाली काहीही लपू शकते. सांधा धरला नसेल, आत मळी अडकली असेल, तर ते खपलीवरून कळत नाही. बारीक कानसेने पृष्ठ उजळ झाले की असा दोष काळ्या केसासारखा उमटतो. म्हणून नळी कानसणे ही सजावटीची तयारी होती, तशीच ती तपासणीही होती. आज आपण जोड तपासायला रंगद्रव्य किंवा क्ष-किरण वापरतो. त्या कारागिराकडे कानस, उजेड आणि डोळा एवढेच होते. बाहेरून दिसणारा दोषच त्याला सापडे, आतला नाही.

आता तंजावरकडे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भात पिकतो, पण लोखंडाचे दगड मिळत नाहीत. सालेमकडचे लोखंड आणि नंतर समुद्रमार्गे आलेले विलायती लोखंड, यांवर या भागाची भिस्त. तरी इथली लोहारकी कमी दर्जाची नव्हती. तंजावरच्या पूर्व वेशीजवळ, कीळवासल भागात, नायकांच्या काळातली लोखंडी तोफ आहे. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन सुमारे 22 टन. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये तिच्या बांधणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत लांबीत लावलेल्या 43 लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्याभोवती तापवून चढवलेल्या कड्यांचे थर अशी ती बांधणी आहे. पट्ट्या फक्त भोकाला आकार देतात, परिघाचा ताण सगळा कड्या घेतात. बंदुकीत वेढ्यांची पट्टी दोन्ही कामे एकटीच करते. तोफेवर कड्यांचे काठ उघडे दिसतात, ते कानसून सपाट करण्याची गरज कोणाला वाटली नाही. हातोड्याचे काम कुठे थांबते आणि कानसेचे कुठे सुरू होते, हे मुलांना दाखवायला ही तोफ उत्तम.

जाता जाता शब्दांविषयी. तमिळमध्ये तोफेला 'पीरंगी' म्हणतात, त्याचे मूळ 'फिरंगी'. मराठीत त्याच शब्दाची 'फिरंग' झाली, पण ती तलवार. परक्याची जी वस्तू ज्याच्या मनात बसली तिला त्याने ते नाव दिले.

1676 मध्ये व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य बसवले, ते 1855 पर्यंत टिकले. 1799 च्या तहानंतर सरफोजीराजे दुसरे यांच्याकडे व्यवहारात किल्ला आणि शहर एवढेच उरले. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी आपण त्यांना ओळखतो. 1826 मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबर यांनी मात्र त्यांच्या विद्वत्तेबरोबरच वाघावर स्थिर हाताने अचूक गोळी चालवणारा शिकारी म्हणूनही त्यांची नोंद केली आहे. अशा दरबाराचा शस्त्रागार कित्येक पिढ्यांत भरत गेलेला होता. त्यात पोलादावर नक्षी कोरलेल्या तलवारी, कट्यारी, अंकुश होते, तसेच तोड्याच्या बंदुकाही.

1855 मध्ये शिवाजीराजे दुसरे वारल्यावर राज्य खालसा झाले. 1860 च्या दशकात या शस्त्रागाराची वासलात लागली. निवडक वस्तू मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेल्या आणि उरलेल्या मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकल्या गेल्या. मद्रास प्रांतातले सनदी अधिकारी एम. जे. वॉलहाउस यांनी 1878 मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त यावर लेख लिहिला, म्हणून ही गोष्ट आपल्याला कळते. योगायोग असा की शस्त्र कायदाही 1878 चाच. त्या कायद्याखाली बंदूक घडवायला परवाना लागे.

कलेच्या इतिहासकाराला मोडीत गेलेल्या नक्षीची हळहळ वाटेल. मला हळहळ वाटते ती साध्या नळ्यांची. निवड करणाऱ्याने सोन्याचे पाणी दिलेली, वाघाच्या तोंडाचे टोक असलेली नळी ठेवली असणार, आणि रोजच्या पहाऱ्याची बिननक्षीची नळी भंगारात टाकली असणार. माणूस असाच निवडतो. पण कारागिराचा हात साध्या नळीवरच नीट वाचता येतो. रेघा कोणत्या दिशेने गेल्या, ओढ किती लांब होती, कड कुठे सरकली, मागच्या जाड भागाकडून तोंडाकडे उतार एकसारखा आहे की टप्प्याटप्प्याने, हे सगळे नक्षीखाली झाकले जाते. वाचलेल्या नळ्यांनाही धोका असतोच. गंज काढायला कोणी एमरी पेपर घासला की जुन्या रेघा पाच मिनिटांत पुसल्या जातात. संग्रहालयात काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो, आधी तिरप्या उजेडात फोटो काढा, मग हात लावा.

बाहेरच्या जगात हे ज्ञान दुसऱ्या वाटेने टिकले. बर्मिंगहॅममध्ये नळ्या मोठ्या फिरत्या दगडांवर घासत, कानस शेवटच्या हातापुरती उरली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लहान कारखान्यांत लांब अष्टपैलू रायफली होत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक कार्यशाळेत वॉलेस गस्लर यांनी पट्टीपासून अख्खी रायफल हाताने घडवली आणि तिचा माहितीपट निघाला. अकबराच्या कारखान्यात तर एकदम 16 नळ्या साफ करणारे चाक होते आणि ते गाय फिरवत असे, असे 'आईन'मध्येच आहे. म्हणजे हाताचे श्रम वाचवण्याची खटपट काही विलायतेतच सुरू झाली नाही.

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैत मूर्तिकारांची घरे आहेत. कावेरीकाठच्या बारीक गाळाचा साचा, मेणाचा नमुना, त्यात पंचधातूचा रस. साचा फोडल्यावर मूर्ती खडबडीत निघते आणि तिथून छिन्नी व कानसेचे काम सुरू होते. तमिळमध्ये कानसेला 'अरम' म्हणतात. मी गेलो तेव्हा एक वयस्क कारागीर जमिनीवर बसून, मूर्ती लाकडी ठोकळ्याला टेकवून, तिचा लांब दंड कानसत होता. कानस दंडाला आडवी, ओढ लांबीत, स्वतःकडे. हे असेच का, असे मी दुभाष्यामार्फत विचारले. त्याने उत्तर दिले नाही. दंड उचलून दाराकडच्या उजेडात धरला, मधोमध एका जागी बोट ठेवले आणि पुन्हा कानस घेतली. तिथे धातूत सुईच्या टोकाएवढे एक भोक होते, आधी मला ते दिसलेच नव्हते.