लिनक्स बदलून पाहण्याची किंमत
लिनक्स वापरणाऱ्यांवर एक आरोप कायम होतो. ही मंडळी आज उबुंटू, उद्या फेडोरा, परवा मिंट करत बसतात, एका डिस्ट्रोवर (लिनक्सच्या एका तयार संचावर) म्हणून टिकत नाहीत. मुक्त परवाना दिला की असंच होणार, हे त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण. तारखा मात्र त्याला साथ देत नाहीत. लिनस टोरवाल्ड्सने 1992 मध्ये आपलं कर्नल जीपीएल परवान्याखाली आणलं, तेव्हाच ते घ्यायची, बदलायची आणि वाटायची मुभा सगळ्यांना मिळाली होती. ती मुभा घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर निर्धास्तपणे वापरता यायला पुढची दहाएक वर्षं गेली. माझ्या मते बदलून पाहायची सवय परवान्यामुळे लागली नाही, ती सीडीमुळे लागली.

सुरुवातीचा काळ पाहिला की हे पटतं. 1992 मध्ये पीटर मॅकडोनाल्डने एसएलएस नावाची डिस्ट्रो काढली. तिच्यातल्या चुका निस्तरता निस्तरता पॅट्रिक व्होल्कर्डिंगची स्लॅकवेअर जुलै 1993 मध्ये बाहेर पडली, आणि त्याच एसएलएसला वैतागून इयन मर्डॉकने पुढच्याच महिन्यात डेबियनची घोषणा केली. आजही चालू असलेल्या सगळ्यात जुन्या दोन डिस्ट्रो अशा तिसरीवरच्या नाराजीतून जन्मल्या. पण ही नाराजी परवडायची ती जाणकारांना. बाकीच्यांना फ्लॉप्यांचा गठ्ठा एकामागून एक घालावा लागे, आणि त्यातली एक खराब निघाली की सगळं अडलं. त्याआधी हार्ड डिस्कचं पार्टिशन करायचं, म्हणजे विंडोज आणि घरच्या फायली पणाला लावायच्या. हे सगळं पार पडलं तरी पडद्यावर खिडक्या दिसतीलच असं नव्हतं. त्या खिडक्या दाखवणाऱ्या एक्सफ्री86 च्या फाईलमध्ये आपल्या मॉनिटरच्या आडव्या-उभ्या फ्रीक्वेन्सीचे आकडे स्वतः भरावे लागत, आणि चुकीच्या आकड्यांनी जुना मॉनिटर बिघडू शकतो, अशी ताकीद माहितीपुस्तिकेतच असे. एवढ्या दिव्यातून बाहेर पडलेला माणूस दुसरी डिस्ट्रो कशाला घालेल? त्या पिढीच्या निष्ठेचं कौतुक होतं, पण तिच्यात दमणुकीचा वाटा बराच होता. भारतात तर आणखी एक अडचण होती. 56 केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला (तो कधी चालत नसे), तरी 650 एमबीची एक सीडी उतरवायला सव्वीस-सत्तावीस तास लागले असते, आणि तोवर घरचा फोन बंद. म्हणून इथे लिनक्स पोचलं ते बरंचसं पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत आलेल्या सीडीवरून.

खरा बदल केला क्लाउस नॉपर या जर्मन अभियंत्याने. त्याची 2000 साली आलेली नॉपिक्स सीडीवरूनच सुरू होई आणि हार्ड डिस्कला हात लावत नसे. सुमारे दोन जीबीचा ऐवज दाबून 700 एमबीत बसवलेला होता. ड्राइव्ह घरघरत राही, मेनू उघडायला वेळ लागे, पण साउंड कार्ड, नेटवर्क, पडदा हे सगळं बहुधा आपोआप ओळखलं जाई. सीडी काढून मशीन पुन्हा सुरू केलं की विंडोज जसंच्या तसं. कल्पना तशी नवी नव्हती. यग्ड्रासिलने 1992 मध्येच सीडीवरून चालणारं लिनक्स काढलं होतं, पण तेव्हा सीडी ड्राइव्ह होतेच किती जणांकडे? पुढे उबुंटूने मागेल त्याला जगभर फुकट सीडी पाठवल्या, ही सोय 2011 पर्यंत चालली. जून 2006 च्या 6.06 आवृत्तीपासून चालवून पाहायची आणि इन्स्टॉल करायची सीडी एकच झाली. नापसंतीची किंमत आता एका रीस्टार्टएवढी उरली होती.

यावर नेहमीचा आक्षेप असा की शंभर डिस्ट्रोंमध्ये मेहनत वाटली गेली आणि म्हणून डेस्कटॉपवर लिनक्स मागे राहिलं. ही मेहनत वाटते तितकी विखुरलेली नव्हती. नॉपिक्सचा पाया डेबियनचा, पण हार्डवेअर ओळखणारा भाग रेड हॅट कंपनीच्या कुडझू या प्रोग्रामवरून घेतलेला. मराठी वाचकाच्या जवळचं उदाहरण लोहित फॉन्टचं आहे. देवनागरीच्या जागी चौकोन दिसत असतील तर कोणतीही डिस्ट्रो चालवून पाहण्यात त्याला काय रस असणार? रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला हा फॉन्ट मुक्त असल्यामुळे प्रतिस्पर्धी डिस्ट्रोंनीही तो उचलला.

तरीही आक्षेपाचा एक भाग खोडून काढता येत नाही. वापरणाऱ्याचा खर्च उतरला, तो प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या माथी आला. 2014 मध्ये डेबियनच्याच परिषदेत खुद्द टोरवाल्ड्सने तक्रार केली की डेस्कटॉपसाठी प्रोग्राम तयार करून द्यायचा तर प्रत्येक डिस्ट्रोसाठी, तिच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी खटपट करावी लागते. एकदा बांधलेला प्रोग्राम सगळीकडे चालावा म्हणून आता नवी पॅकेजं आली आहेत. त्यांचेही तीन प्रकार आहेत: स्नॅप, फ्लॅटपॅक आणि अ‍ॅपइमेज.