पल्सरची चर्चा चारशेची, गणित साडेतीनशेचे

पूर्ण फेअरिंगची मोठी पल्सर कधी येणार, हा दुचाकीप्रेमींचा जुना प्रश्न आहे. बजाज ऑटोने फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्रेटर नोएडा येथील ऑटो एक्स्पोत 'एसएस ४००' आणि 'सीएस ४००' ही पल्सरची दोन संकल्पनारूपे सादर केली. त्यापैकी 'सीएस' डिसेंबर २०१६ मध्ये 'डॉमिनार ४००' या नावाने बाजारात उतरली. 'एसएस' मात्र प्रदर्शनापुरतीच राहिली. फेअरिंगची हौस २०१५ च्या 'आरएस २००' वर भागवावी लागली.

मे २०२४ मध्ये ३७३ सीसीची 'एनएस ४०० झेड' आली. दिल्लीतील शोरूम किंमत होती एक लाख ८५ हजार रुपये. इंजिन हाताशी आहे, आता केवळ फेअरिंग चढवायचे, या तर्कातून 'आरएस ४००' च्या चर्चेला उधाण आले.

या तर्काला खीळ घातली ती कररचनेने. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढील दुचाकींवरील कर, उपकर धरून असलेल्या ३१ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. करपूर्व किंमत दीड लाख धरल्यास फरक ३३ हजारांचा होतो.

३७३ सीसीचे इंजिन ही रेषा अवघ्या २३ सीसीने ओलांडते. त्यामुळे इंजिन लहान करून थोडी ताकद सोडायची, की वाढीव कराचा भार ग्राहकावर टाकायचा, हाच खरा पेच आहे. पुढच्या स्पोर्ट्‌स पल्सरचा अंदाज बांधताना फेअरिंगपेक्षा सीसीच्या आकड्याकडे पाहणे अधिक श्रेयस्कर.