कृष्णविवर, वाकणारा प्रकाश आणि जेऊरचे ग्रहण

प्रकाशाला वस्तुमान नसते, मग कृष्णविवर त्याला गिळते कसे? हा प्रश्न समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्याच्या मागोमाग ‘आइन्स्टाइन चुकला’ असे सांगणारे घरगुती सिद्धान्तही येतात. गुरुत्वाकर्षणाचा प्रकाशावर परिणाम होतो, हा तर्क मात्र २४० वर्षांपूर्वीचा आहे. तो विज्ञानात टिकला तो मोजमापामुळे. हे मोजमाप करणाऱ्यांपैकी एक खगोलशास्त्रज्ञ त्याआधी सोलापूर जिल्ह्यात येऊन गेला होता.

पहिला तर्क कोणाचा?

जॉन मिचेल हे इंग्लंडमधील थॉर्नहिल गावचे धर्मोपदेशक. त्याआधी ते केंब्रिजमध्ये भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. प्रकाश म्हणजे सूक्ष्म कणांचा प्रवाह, असे तेव्हा मानले जाई. दगड वर फेकला की गुरुत्वाकर्षण त्याला मागे खेचते, तसेच प्रकाशकणांचेही होणार, असे मिचेल यांनी १७८३ मध्ये मांडले. सूर्याइतकीच घनता, पण व्यास सुमारे ५०० पट असलेल्या ताऱ्यातून प्रकाश बाहेर पडूच शकणार नाही, असा हिशेब त्यांनी दिला. असा तारा दिसणार नाही, पण त्याच्याभोवती फिरणाऱ्या जोडीदार ताऱ्याच्या गतीवरून त्याचा पत्ता लागेल, हेही त्यांनी सुचवले.

तो मागे का पडला?

१९व्या शतकात प्रकाश तरंगरूप असल्याचे प्रयोगांतून दिसू लागले. कणांवर उभा असलेला तर्क त्यामुळे बाजूला पडला. १९११ मध्ये आइन्स्टाइनने हा प्रश्न नव्याने हाती घेतला. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे ०.८५ विकला वाकेल, असे त्याचे पहिले उत्तर होते. न्यूटनच्या नियमांनी हिशेब केला तरी साधारण तेवढेच उत्तर येते. १९१५ मध्ये सामान्य सापेक्षता सिद्धान्त पूर्ण झाल्यावर, अवकाशाची वक्रताही हिशेबात आली आणि आकडा दुप्पट झाला: सुमारे १.७५ विकला. अडीच सेंटिमीटरचे नाणे तीन किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढाच हा कोन.

सूर्याशेजारचे तारे खग्रास ग्रहणातच दिसतात. त्यामुळे निकाल लागणार होता तो ग्रहणाच्या फोटोंतून.

जेऊरला कोण आले होते?

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे, करमाळा तालुक्यातील जेऊर त्या पट्ट्यात होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे वेध घेतले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेलही दुर्बिणी घेऊन जेऊरला आले होते. सूर्य पूर्ण झाकला गेला तो जेमतेम दोन मिनिटे. अभ्यासाचा विषय होता सूर्याचे तेजोवलय आणि वर्णपट. आइन्स्टाइन तेव्हा १८ वर्षांचा होता.

पुढे याच कॅम्पबेल यांनी प्रकाशाचे वाकणे मोजण्याचे काम हाती घेतले. १९१४ मध्ये रशियात ढग आडवे आले आणि युद्धामुळे उपकरणे तिथेच अडकली. १९१८ मध्ये अमेरिकेत उसन्या भिंगांनी फोटो घेतले, पण त्यांतून ठाम निष्कर्ष निघाला नाही. १९१९ मध्ये एडिंग्टन यांच्यासह ब्रिटिश पथकांनी आइन्स्टाइनच्या बाजूने निकाल दिला. त्यावर शंका उरल्या होत्या. कॅम्पबेल स्वतःही साशंक होते. १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉलल येथे त्यांच्या पथकाने अधिक ताऱ्यांचे फोटो घेतले. आकडा १.७५ च्या आसपास आला आणि कॅम्पबेल यांनी तो मान्य केला.

मग कृष्णविवरात प्रकाश अडकतो कसा?

आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता. प्रकाश त्या वक्रतेतूनच वाट काढतो, त्यासाठी त्याला वस्तुमान लागत नाही. सूर्याजवळ ही वाट किंचित वाकते. सूर्याचे सगळे वस्तुमान तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोलात कोंबले, तर आतून बाहेर जाणारी वाटच उरत नाही. मिचेल यांच्या सूत्रातूनही हीच त्रिज्या निघते, पण कारण वेगळे. त्यांच्या ताऱ्यातून प्रकाश थोडा वर येऊन परत पडतो, कृष्णविवरात तो सीमेबाहेर येतच नाही.

जोडीदाराच्या गतीची त्यांची युक्ती मात्र खरी ठरली. आकाशगंगेच्या केंद्राभोवती सुमारे १६ वर्षांत फेरी मारणाऱ्या एस-२ या ताऱ्यावरून तेथे सूर्याच्या ४० लाख पट वस्तुमान असल्याचे कळले. २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा या संशोधनाला मिळाला.

नवा सिद्धान्त कसा पारखावा?

कल्पना कोणाचीही असू शकते, पदवी आड येत नाही. पण तिला तीन प्रश्न विचारावे लागतात. ती आकडा देते का? १.७५ विकला आणि एस-२ ची कक्षा यांसारखी झालेली मोजमापे तिच्यातून निघतात का? आणि कोणते निरीक्षण मिळाले तर ती चूक ठरेल, हे ती आधी सांगते का?

पुढची मोजमापे महाराष्ट्रातूनही होणार आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी तेथे टिपल्या जातील, आणि त्या आकड्यांपुढे आइन्स्टाइनचा सिद्धान्तही पुन्हा तपासला जाईल.