श्वास मोजणारे मणी

बाळाला खोकला झाला, त्याचं पोट उडू लागलं, की तुम्ही घाबरून विचारता, ‘डॉक्टर, न्यूमोनिया तर नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात एका साध्या उपकरणातून मिळालं. त्याची ही गोष्ट.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू केलं. दोघंही तेव्हा पस्तिशीच्या आसपासचे. गावोगाव बालमृत्यू होत होते आणि न्यूमोनिया हे त्याचं एक मोठं कारण होतं. एक्स-रे नाही, डॉक्टर दूर. पण न्यूमोनियात फुप्फुसाला सूज आल्यामुळे प्राणवायू कमी पडतो आणि बाळ भराभर श्वास घेतं. म्हणजे श्वास मोजले तर आजार ओळखता येतो.

अडचण एकच होती. गावातल्या अनेक दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून ‘ब्रेथ काउंटर’ तयार झाला: पाटीसारख्या चौकटीत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर दाईच्या हातात निदान आलं!

गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध देण्याच्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू इतर गावांत १७.५, तर प्रयोगाच्या गावांत ८.१ होते.

तुमच्याकडे मणी नसतील, घड्याळ तर आहे. बाळ शांत असताना, रडत नसताना, पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. मिनिटाला इतके किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका:

दोन महिन्यांच्या आत: ६०
दोन महिने ते एक वर्ष: ५०
एक ते पाच वर्षं: ४०

असं असेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा बाळ दूध पीत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. पोटावर डाग देणं तर मुळीच नको. त्यानं न्यूमोनिया बरा होत नाही, उलट वेळ जातो.